किनाऱ्यावरचा दोधू

“शांती, किनारावरला माणूस ‘पुरे’ म्हणत नही तोपावत जागा सोडानी नही.”

जाण्याच्या आदल्या दिवशी चुनीलाल पाटील बायकोशी एवढंच बोलले होते. आज शहाद्याच्या सभागृहातल्या श्रद्धांजली सभेत, त्यांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी बसलेल्या शांतीबाई ते वाक्य मनात घोळवत मिथुनचं भाषण सोसत होत्या. मिथुन सैन्यभरतीचे क्लास चालवायचा. उंदीर दिसला तरी पलंगावर चढणारा माणूस, पण टोपी मात्र लष्करी.

“विमानांनी किनारा धुवून काढला!” तो पडद्यावरच्या लढाईच्या चित्रफितीकडे हात करून ओरडला. “मग जहाजांनी दोनचार बार उडवले आणि जवान आरामात उतरले!”

धुवून काढला म्हणे. ह्याने जन्मात स्वतःचं ताट धुतलं नसेल.

लढाईच्या त्या सकाळची गोष्ट नवऱ्याकडून ऐकून शांतीबाईंना पाठ होती. विमानं आली, मागची माडांची बाग जाळून जेवणवेळेला परत गेली. पाण्याकाठच्या सिमेंटच्या कोठीतल्या शत्रूच्या तोफांना ओरखडाही नव्हता. जवान वाळूत उतरले तेव्हा त्या तोफा बोलू लागल्या. खापर गावचा जवान दोधू, त्या माऱ्यात एक पाय गेलेला, वायरलेस तोंडाशी धरून जहाजाला नेम सांगत राहिला, “डावीकडे पन्नास. पुढे शंभर.” जहाजावर तोफेशी चुनीलाल. दोधूचा चेहरा पाहिलेला नाही, फक्त आवाज. कोठी गप्प होऊन दोधू ‘पुरे’ म्हणाला तेव्हा दिवस मावळला होता. तोवर जहाज हललं नाही.

निवृत्तीनंतर दर एकादशीला चुनीलाल खापरला जाऊन दोधूच्या खाटेशी बसत. आता दोधू उठतही नाही, रस्त्याकडे तोंड करून पडलेला असतो. चुनीलाल गेल्यानंतरची ही पहिलीच एकादशी. खापरची एसटी तीनची, आणि पावणेतीन झाले होते.

शांतीबाई उठल्या. टेबलावरची, दोधूने सांगितलेले नेम टिपलेली चुनीलालची वही त्यांनी उचलली.

मिथुन माईक सोडून धावला. “काकू, कोठे चालन्यात? आते तुमन्हा सत्कार शे! आनि ती वही आपला काचना कपाटमा ठेवानी शे ना!”

“कपाटमा तुन्ही टोपी ठेव, भाऊ.”

“काकू, लोके काय म्हनतीन?”

“मिथुन, तुन्हं विमान बाँब टाकीसन निंघी गयं. मंग वाळूमा पडेल माणूसनी कोणले हाक मारानी?”

मिथुनने सत्काराची शाल पुढे केली. पहिल्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं.

“निदान शाल तरी...”

“तूच पांघर. तुले थंडी भरेल दिखस.”

आवाज त्यांनी चढवला नव्हता. देवापुढे बोलावं तसंच बोलल्या. मग फोटोवरचा तिरका हार सरळ केला, वही पिशवीत राजगिऱ्याच्या लाडवांच्या डब्याखाली नीट ठेवली. उपास त्यांचा होता, लाडू दोधूचे.

मागे पडद्यावर विमान पुन्हा एकदा धूर सोडून वळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दारातल्या ढिगातून स्वतःच्या चपला शोधून शांतीबाई स्टँडच्या रस्त्याला लागल्या.