काचेवरचं कार्ड

ग्लेंडा रशबीच्या पिशवीत तीन आठवडे एक फॉर्म पडून होता. शाळेच्या जेवणघरात पोरांना वाटाणे वाढताना तिचा अर्धा जीव खुंटीवरच्या पिशवीत असायचा. घरी आली की ती पिशवी खुर्चीवर ठेवायची, मग उचलून पलंगाखाली सरकवायची, मग तिथूनही काढायची. बारा वर्षांची टॅमसिन एकदा म्हणाली, "मॉम, एका जागी बस ना गं. मला बघूनच दम लागतो."

फॉर्म कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा होता. भाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवर आता मर्यादा आली होती. दोन बेडरूमच्या घराला आठवड्याला दोनशे नव्वद पौंड, मग तुम्ही मेडा व्हेलसारख्या महागड्या भागात राहा नाहीतर राणीच्या शेजारी. ग्लेंडाचं भाडं तीनशे चाळीस. वरचे पन्नास कुठून आणायचे ते साहेब लोकांनी कळवलं नव्हतं. एक वाट मात्र ठेवली होती: घरमालकाने भाडं मर्यादेपर्यंत उतरवलं, तर कौन्सिल पैसे थेट त्याच्या खात्यात भरणार. त्यासाठी त्याची सही हवी.

सही मागण्यात एवढं काय अवघड, असं कुणीही म्हणेल. अवघड हे होतं की ग्लेंडा मदत घेते हे घरमालकाला ठाऊकच नव्हतं. किप्रियानूचं ड्रायक्लीनिंगचं दुकान, त्यावर त्याचेच दोन फ्लॅट. दुकानाच्या काचेवर मधोमध त्याच्या हातचं कार्ड: 'वर फ्लॅट भाड्याने. सरकारी मदतीवाले नकोत.' चार वर्षांपूर्वी ग्लेंडाने ते कार्ड वाचलं, कोट नीट केला आणि आत जाऊन सांगितलं, "मी शाळेत नोकरी करते." ते खोटं नव्हतंच. मदत तिच्या खात्यात यायची आणि एक तारखेला बँक त्याला भाडं पोचवायची. फ्लॅट भरले तरी पुढच्या वेळी लागेल म्हणून किप्रियानूने कार्ड काही काढलं नाही. उलट ग्लेंडा जिन्यात दिसली की तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "या बाई बघा. त्या लोकांसारख्या नाहीत." आणि ग्लेंडा हसायची. त्या हसण्याचा तिला स्वतःलाच संताप यायचा.

घर सोडायलाही तिची ना नसती, पण कोपऱ्यापलीकडे तिचा बाप राहायचा. विल्फला काचबिंदू, हात थरथरता. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत औषध घालायला ग्लेंडा जायची. औषध चुकत राहिलं तर उरलीसुरली नजर जाईल, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं.

"आजही विचारलं नाहीस?" मान मागे टाकून विल्फ म्हणाला.

"दुकानात गिऱ्हाईक होतं, डॅड."

"आणि काल?"

"कालही होतं."

"दुकान आहे ते, पोरी. गिऱ्हाईक असणारच. चर्चमध्ये गाठणार आहेस का त्याला?"

"हलू नकोस. गालावर जातंय सगळं."

शनिवारी ती शहराच्या पार टोकाला, एडमंटनला एक स्वस्त घर बघून आली. दोन बस, सव्वा तास. जातानाही आणि येतानाही तिने घड्याळ लावून पाहिलं, वेळ काही कमी झाली नाही. सकाळी बापाकडे येऊन शाळेत वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. तरी सोमवारी तिने महिन्याच्या नोटिशीची चिठ्ठी लिहिली, 'घरगुती कारणामुळे' असं कारण दिलं आणि दुकान उघडण्याआधी दारातून आत सरकवली. माणसाकडे तोंड उघडण्यापेक्षा तिला घर सोडणं सोपं वाटलं. आमच्याकडची माणसं अशीच. पाय मोडला तरी 'काही नाही हो' म्हणतील.

बुधवारी जिन्यात वरच्या मजल्यावरची ऑलिव्ह पिनॉक भेटली. शिवणकामाचा कारखाना बंद पडल्यापासून तीही मदतीवर होती, पण तिने ते कधी लपवलं नव्हतं.

"माझ्या फॉर्मवर सही केली बरं का किप्रियानूने," ऑलिव्ह म्हणाली. "दुकानात चार माणसं उभी होती. मी फॉर्म ठेवला काउंटरवर. म्हटलं, वाच आणि सांग. दहा मिनिटं कुरकुरला. मग म्हणाला, कौन्सिल बुडवत तर नाही. झालं. तुला काय झालंय? अशी पांढरी का पडलीस?"

ग्लेंडा तशीच खाली धावली. दुकानात कोट घेऊन तीन माणसं रांगेत होती. तिने फॉर्म काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता.

"मिस्टर किप्रियानू, मी मदत घेते. पहिल्यापासून घेते. ती चिठ्ठी मला परत द्या."

किप्रियानूने चष्मा लावून फॉर्म वाचला.

"चार वर्षं?" तो म्हणाला. "एक तारीख चुकली नाही तुमची. अहो, सोमवारी सकाळी सांगितलं असतंत तर सही केली असती मी. तुमच्यासाठी आधी केली असती."

"मग आता करा."

"त्याच दिवशी माझ्या गावी, लार्नाकाला फोन केला मी. भाचीला या घराचा शब्द दिला. तिने नोकरी सोडली, दोन पोरांची तिकिटं काढली. आता तिला काय सांगू?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याचेही कान लाल झाले होते. ग्लेंडाला वाटलं, आता निमूट वर जावं, पिशवी पलंगाखाली सरकवावी. पण साडेपाच वाजले होते, सहाला विल्फचं औषध, आणि हातात फक्त चार आठवडे.

"मला एक कोरं कार्ड द्या," ती म्हणाली. "आणि पेन."

रांगेतल्या माणसांसमोर, काउंटरवर वाकून तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. किप्रियानू सवयीने मोठ्याने वाचत गेला. "घर पाहिजे. दोन बेडरूम. इथून चालत जाण्याइतकं जवळ, कारण वडील आजारी आहेत. भाडं कौन्सिल भरते." तो अडखळला. "ग्लेंडा रशबी. नावही लिहिलंत?"

"लिहिलं. काचेवर लावा. मधोमध, सगळ्यांना दिसेल असं."

"मधोमध जागा नाही हो."

"आहे," ग्लेंडा म्हणाली, आणि काचेकडे बघत उभी राहिली.

किप्रियानू काउंटरमागून बाहेर आला, काचेपाशी गेला आणि नखाने जुन्या कार्डाची चिकटपट्टी खरवडू लागला. चार वर्षं ऊन खाल्लेली पट्टी, सहज सुटेना.