बदललेलं तेवढंच पान

“हिचा एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी पुस्तिका संगणकावर नव्यानं बांधायची, चाळीस मिनिटं! लय झालं गड्या,” शेजारच्या खुर्चीत प्रोग्रॅमर शंभूराज पुटपुटला. संयोगिता ओशाळली. सांगलीच्या त्या कंपनीत साखर कारखान्यांच्या सॉफ्टवेअरची मदतीची मराठी पानं ती लिहायची.

दिवाळीत शंभूराजनं फक्त बदललेलंच पान बांधायची युक्ती काढली. काम चाळीस सेकंदांवर आलं, साहेबांनी पेढे वाटले. संयोगितानं पुढचे पाच महिने जीव ओतून लिहिलं, कारण चैत्रात तिला कायम करायचं की नाही, ते ठरणार होतं.

बैठकीच्या दिवशी तिनं कौतुकानं आपलं ‘ऊसतोडणी’चं पान पडद्यावर उघडलं. मजकूर दिवाळीआधीचाच होता.

“शंभूराज, माझं नवं लिहिलेलं कुठाय रं?”

शंभूराज नखं बघत बसला. साहेबांनी चहा मागवला.

शेवटी शंभूराजच्या हाताखालची पायल म्हणाली, “ताई, तुमची पानं एकमेकांत लय गुंतलेली. ती धरली की परत चाळीस मिनिटं लागायची, म्हणून शंभूराजनी दिवाळीतच बांधणीतनं वगळली. साहेबांनाबी ठाऊक हाय. पाच महिन्यांत एकाबी कारखान्यानं विचारलं न्हाई.”