सतराव्या अर्थाला झोप

तान्ही नीला दुपारची झोपत नसे. झोपली तरी तिची आई वनमाला नाकाशी बोट धरून श्वास बघायची, आणि तेवढ्यानं पोर जागी व्हायची. सात महिने दोघींच्याही डोळ्याला डोळा नव्हता. सासूबाई, मथुराबाई, म्हणायच्या, "हैदराबादला कॉलेजात इंटर झालीस, पोर निजवायचं तेवढं शिकवलं नाही वाटतं!"

वनमालेचा नवरा राघवेंद्र बेंबळीच्या शाळेत मास्तर. त्यानं शाळेचा जाडजूड इंग्रजी-मराठी कोश घरी आणलेला. एका दुपारी गाणी संपली, खुळखुळे संपले, तेव्हा वनमालेनं हाताला आला तो कोशच उघडला. "सेट म्हणजे मावळणं. सेट म्हणजे दही लागणं. सेट म्हणजे मोडलेलं हाड बसवणं…"

सतराव्या अर्थाला नीला गाढ झोपली.

मग रोज तेच. शेजारच्या मदिनाबी दारात येऊन ऐकायच्या. "सेट म्हणजे कोंबडी अंड्यांवर बसवणं" आलं, तशा त्या उडाल्याच. "या अल्ला! कोंबडी बी त्याच लफ्जात?"

"तर काय," मथुराबाई म्हणाल्या. "शब्दांचा एवढा दुष्काळ, आणि राज्य केलं म्हणं अर्ध्या जगावर!"

पण गुण आला तो आलाच. मथुराबाई रोज त्या पानाला हळद-कुंकू वाहू लागल्या.

सोमवारी शाळेत तपासनीस यायचे होते. सकाळी राघवेंद्रानं कोश उघडला आणि कपाळाला हात लावला. "आई, अहो हे काय?"

"वाचता येतंय ना? मग झालं."

कोश सायकलला बांधून तो गेला आणि वनमालेचं धाबं दणाणलं. दुपारी नीलानं सूर लावला. वनमालेला जेमतेम सहा अर्थ आठवले. सातव्याला ती अडली, तशी पोर किंचाळलीच.

"सरक तिकडं." मथुराबाईंनी नात मांडीवर घेतली. इंग्रजीचं अक्षर त्यांना येत नव्हतं, पण जात्यावर एकदा कानावर पडलेली ओवी त्या जन्मात विसरत नसत. दळणाच्या ठेक्यात, पुढंमागं डोलत त्यांनी सुरू केलं, "सेट गं म्हणजे मावळणं, बाई मावळणं… सेट गं म्हणजे दही लागणं…" हाड बसलं, कोंबडी बसली, वस्तऱ्याला धार लागली. एक अर्थ चुकला नाही.

सतरावा झाला. मथुराबाईंनी खाली बघितलं. नीला टक्क जागी, पायाचा अंगठा चोखत हसत होती.

भिंतीला टेकून वनमाला घोरत होती.

"निजली बाई एकदाची," मथुराबाई नातीच्या कानात म्हणाल्या. "तू गप बस आता. उठवशील तिला."