इर्जिक: अडतीस हजार चारशे

उज्ज्वलाने एकच चूक केली, आणि तीही खरं लिहिण्याची. फिल्मच्या खर्चाचा तक्ता तिने फॅन क्लबच्या पानावर सगळ्यांना दिसेल असा टाकला आणि सतराव्या ओळीत सरळ लिहिलं: इर्जिक, अडतीस हजार चारशे. खाली फोड: दोन बोकड, तांदूळ, तेल-मसाला, जीपभाडं.

झालं! दुपारपर्यंत दीडशे कॉमेंट. ‘आमच्या पैशांवर आखाड पार्टी!’ ‘हे इर्जिक कोण? बाईंचे यजमान का?’ एकाने तर शोधच लावला: शूटिंग दोन दिवसांचं, कॅमेऱ्याचं भाडं चार दिवसांचं. मग काय, जो तो हिशेबनीस.

फिल्म होती ‘घाटराखा’ची. वीस वर्षांपूर्वी टीव्हीवर अर्ध्यातच बंद पडलेली मालिका, आणि तिच्यावर अजून जीव टाकणारे सहाशे वेडे. त्यांनी पाचशे-हजार करत पावणेपाच लाख जमवले आणि मालिकेत राहून गेलेली शेवटची लढाई चित्रित करायचं काम उज्ज्वलाला दिलं. मळवलीची पोर, एरवी बंगल्यांच्या जाहिराती आणि लोकांची प्री-वेडिंग शूट करून पोट भरणारी. दिग्दर्शक म्हणून तिचं नाव पहिल्यांदाच पडद्यावर येणार होतं. त्या नावासाठी तिने स्वतःची फीसुद्धा सोडली होती. ते कुणाला दिसलं नाही, बोकड तेवढे दिसले.

पैसे क्लबच्या खात्यात, आणि खातं प्रज्ञेशच्या हातात. तो क्लबचा अध्यक्ष, लोणावळ्यात त्याचं छोटं हॉटेल. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. त्याने उज्ज्वलाला बोलावून चाळीस छापील व्हाउचर पुढे सरकवली.

“माणशी चारशे ऐंशी, दोन दिवस, चाळीस माणसं. बरोब्बर अडतीस हजार चारशे,” तो म्हणाला. “नावाखाली अंगठे घेऊन ये, विषय संपला.”

“त्यांना मजुरी दिलीच नाही रे आपण.”

“ते तुला आणि मला माहीत. रविवारी सभा आहे, देणगीदार फोनवरून बघणार. व्हाउचर नसतील तर तुझं नाव फिल्मवरून काढावं लागेल. मी काही करू शकणार नाही.”

नाव गेलं असतं तर मागे काय उरणार होतं? पैसे खाल्ले म्हणून झालेली बदनामी तेवढी. उज्ज्वलाने व्हाउचर पिशवीत कोंबली आणि वडिवळ्याच्या वरची वाडी गाठली. ते तिचं आजोळ.

लढाईतली चाळीस माणसं याच वाडीची. शूटिंगला धुकं हवं, पाऊस हवा, म्हणजे आषाढ हवा, आणि आषाढात तर भाताची आवणी. रोप वाफ्यात उभं, ते वेळेत उपटून चिखलात लावलं नाही तर वर्षाचं भात गेलं. अशा दिवसांत माणसं मागायला आली तेव्हा उज्ज्वलाने आधी पैशांचीच भाषा केली होती. कोंडूमामा भडकला होता. “भाचीकडून रोज घ्यू व्हय? इर्जिक कर की!” इर्जिक म्हणजे एकाच्या कामाला सगळ्यांनी जायचं, ज्याचं काम त्याने जेवू घालायचं, आणि मग आपली पाळी आली की आपणही जायचं. मजुरी नाही, पावती नाही. म्हणून दोन दिवस वाडी डोंगरावर लढली, आणि पुढचे दोन दिवस फिल्मचे अकरा जण खाचरात वाकून आवणीला. कॅमेरावाला प्रितम तर तीनदा चिखलात बसला. कॅमेरा तेवढे दिवस घरात कोरडा पडून, भाडं मात्र चालू.

आता कापणी उरकून वाडीत झोडणी चालली होती. कोंडूमामाने भाताची पेंढी खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला.

“पोरीवर आळ आलाय. आन हिकडं, लावतो अंगठा. चाळीसच्या चाळीस घ्यून देतो.”

बायामामीने मात्र कागद उचलून उन्हात धरला. “मला सही येती. आंगठा कशापायी?” मग तिने अक्षर न् अक्षर लावत वाचलं. “रोजंदारी? उज्जे, आमी तुजे मजूर व्हतो का गं?”

“नाही मामी.”

“मंग तुमी आमच्या खाचरात राबलात त्ये काय व्हतं? आमी तुमाला रुपाया दिला न्हाई. आमी रोज घ्येतला म्हनायचं, आन् तुमाला फुकट राबवलं म्हनायचं? लय शोभलं आमाला!”

“तुला न्हाई लावायचा तर नको लावू,” मामा करवादला. “तिचं नाव चाललंय.”

“लावते की. तिच्यासाटी कायबी करीन. पर खोटं हाय त्ये खोटं हाय.”

मामी सही करायला खरंच खाली बसली, आणि तेच उज्ज्वलाला सोसेना. तिने मामीच्या हातातून कागद काढून घेतला. आपलं नाव वाचवायला आपल्याच माणसांना खोटं पाडायचं? जळो ते नाव!

रविवारी प्रज्ञेशच्या हॉटेलात वीसेक माणसं जमली, समोर फोन स्टँडवर लावलेला. उज्ज्वलाने कोरी व्हाउचर टेबलावर आपटली.

“अंगठे मिळणार नाहीत. मी मागणारही नाही. ओळ सतरा आहे तशीच राहील.”

गलका झाला. कुणी चोर म्हणालं, कुणी पोलीस म्हणालं. प्रितम कॅमेऱ्याच्या भाड्याबद्दल सांगायला उठला, त्याला खाली बसवलं. फोनवर मतं पडली: तिचं नाव काढा. प्रज्ञेशने लॅपटॉप उघडला, फिल्मची नामावली काढली आणि तिच्याकडे न बघता विचारलं, “मग दिग्दर्शक म्हणून नाव कुणाचं टाकायचं?”

“ज्याला हवंय त्याचं टाका,” उज्ज्वला म्हणाली. “फक्त हिशेब पुरा ऐकून घ्या, हिशेबाचीच हौस आहे ना तुम्हाला? चाळीस माणसांनी आपल्याला दोन दिवस दिले, म्हणजे ऐंशी रोज. आपण अकरा जणांनी फेडले बावीस. अठ्ठावन्न रोज अजून आपल्या अंगावर आहेत. वाडीने ते मागितले नाहीत, मागणारही नाही. पण पुढच्या आषाढात बाया नावाची बाई आवणीला हाक मारेल, तेव्हा पडद्यावर ज्याचं नाव असेल त्याने जायचं. गुडघाभर चिखल, पाठीवर पाऊस, सकाळी सातपासून. आणि ते फेडल्याची पावती मिळत नाही. बोला, कुणाचं नाव टाकायचं?”

प्रज्ञेशची बोटं की-बोर्डवर थांबली. त्याने मघाशी सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या गृहस्थांकडे पाहिलं, ते पाण्याची बाटली शोधू लागले. फोनवरच्या कॉमेंटसुद्धा बंद पडल्या. नाव काही कुणी सांगेना.

मग लॅपटॉप स्वतःकडे वळवून उज्ज्वलाने आपलं नाव नीट वाचून घेतलं आणि पिशवी खांद्याला लावली.

“मग राहू द्या माझंच,” ती म्हणाली.