बाभळीच्या कुंपणापलीकडचं गवत

मित्रांनो, मी एक म्हातारी लाल कंधारी गाय आहे. माझं नाव चंद्री. माझा जन्म वाटूरजवळच्या एका लहान गावातला. गावची साठ गुरं मालनबाई राखायची आणि त्यांच्या पुढे मी चालायची.

आमचं गायरान तेव्हा तळहातासारखं उघडं होतं. कोंब दिसला की आम्ही तो मुळापर्यंत ओरबाडायचो. बरगड्या मोजता येतील अशी आमची अवस्था होती.

गुरांच्या दवाखान्यात नोकरी केलेले बदरोद्दीनचाचा एकदा मालनबाईला म्हणाले, "बाई, गवताला दमच घेऊ देत न्हाई तुम्ही. गायरानाचे चार वाटे करा. एकात दहा दिवस चारा, मंग महिनाभर तिकडं बिलकुल जाऊ नका."

मालनबाईनं हे गावासमोर मांडलं. सरपंच सर्जेराव म्हणाले, "एक पावसाळा देतो. जमलं न्हाई तं गायरान नांगराखाली जाईल."

ते १९८७ साल होतं. मालनबाईनं बाभळीच्या फांद्या ओढून चार वाटे केले. तिचे हात काट्यांनी फाटले. श्रावणापर्यंत सगळं बराबर चाललं.

आणि मग मी घात केला. सकाळीच मालनबाई पाणी आणायला लांबच्या ओढ्यावर गेली होती. कुंपणापलीकडून कोवळ्या गवताचा वास आला. मी शिंगं घातली, फांदी बाजूला सारली आणि आत शिरले. माझ्यामागे सगळा कळप आला. दुपारपर्यंत तो वाटा खरडून निघाला.

मालनबाई परत आली. तिनं काठी उगारली नाही. ती तिथंच मातीत बसली आणि माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "तुला काय बोलू गं चंद्रे? भूक लागल्ती तुला."

मित्रांनो, काठीचा मार मी विसरले असते. तो हात विसरले नाही.

संध्याकाळी सर्जेराव आले. "संपलं का मालनबाई?"

तिनं बोटांनी माती उकरून दाखवली. "मुळं जित्ती हायेत, सरपंच. महिनाभर थांबा."

तो महिना तिनं आम्हाला बाकीच्या वाट्यांत जपून फिरवलं. चारा कमी पडला, तेव्हा बांधावरचं गवत कापून डोक्यावरून आणलं. मला मात्र दोरीनं आपल्या कमरेला बांधून ठेवलं! इकडे त्या खरडलेल्या वाट्यात आमच्या खुरांनी फुटलेल्या कडक मातीत पाऊस जिरत होता, शेण मुरत होतं.

महिन्यानं सर्जेरावांनी तिथलं मूठभर गवत जोरानं ओढलं. पातं तुटलं, मूळ हललं नाही.  मग ते म्हणाले, "न्हाई नांगरायचं."

पुढची दहा-बारा वर्षं आमच्या बरगड्या कुणाला दिसल्या नाहीत. आता मालनबाईचे गुडघे थकले आहेत. दोन वर्षांपासून कुंपणाच्या फांद्या कुणी लावत नाही आणि गायरानाचा एक कोपरा पुन्हा उघडा पडलाय. तरी ती रोज माझ्याजवळ येते, कपाळ खाजवते.

मित्रांनो, हिरवं दिसलं की लगेच गुरं सोडू नका. आम्ही समोरचं खात सुटतो. आम्हाला थांबता येत नाही. तुम्हाला येतं.