आईच्या मातीपाशी

क्रांती माधवनगरच्या लिंगायत घरातली. कराडच्या जमीर अत्तारशी तिनं निकाह केला, तेव्हापासून भाऊ जयराजनं तिला दार बंद केलं होतं. आई तेवढी चोरून फोन करायची. ती आई गेल्याचं तिला परक्या माणसाकडून कळलं, तेव्हा माती होऊन आठवडा लोटला होता; लिंगायतांत मयताला पुरतात.

"मला तिच्या कबरीवर जायचं हाय," ती म्हणाली.

जमीर भडकला. बायकांनी कबरीवर जायचं नसतं, त्यातून आई दुसऱ्या धर्माची, जमातीतले लोक काय म्हणतील, असं बरंच बोलला. शेवटी दारातच आडवा उभा राहिला. "गेलीस तर परत येऊ नगंस."

जमीरचे वडील उस्मानभाई मशिदीत पोरांना कुराण शिकवत. ते आतून बाहेर आले.

"हे कुठल्या किताबात वाचलंस?"

जमीर दारातून जरा बाजूला सरकला.

"पैगंबरसाहेबांनी आधी मनाई केली होती, खरं हाय. पण मग त्यांनीच सांगितलं, कबरीवर जात जा, मरणाची आठवण राहते. बायकांच्या जाण्याबद्दल जाणत्यांत मतभेद हायत, तेही मी लपवत न्हाई. पण पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत आयेशा आपल्या भावाच्या कबरीवर गेल्या होत्या. आकांत करू नये, एवढं पाळायचं. आणि पैगंबरसाहेब स्वतः आईच्या कबरीवर गेले, रडले, बरोबरच्यांनाही रडू आलं. त्यांची आई तर इस्लाम यायच्या आधीच गेलेली! तू धर्माचं नाव घेतोस, पण भितोस माणसांना."

जमीरची मान खाली गेली. "जयराजनं तिथं हात उचलला तर?"

"मग तू बरोबर जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं माधवनगरला पोचली. जयराज आईच्या मातीवर पाणी घालून निघालेला, तो दफनभूमीच्या फाटकातच भेटला. बहिणीला बघून त्याचा चेहरा ताठला. चार माणसं गोळा झाली. कुणीतरी काठी उचलली. जमीरच्या मुठी आवळल्या, पण त्यानं त्या सोडल्या आणि हात जोडले.

"दादा, मी भायेरच थांबतो. हिला आईपाशी जाऊ द्या."

जयराजनं त्या जोडलेल्या हातांकडं बघितलं. मग काठीवाल्याला हातानं थांबवून तो बाजूला झाला.

क्रांती ओल्या मातीवर हात ठेवून बसली. आवाज न करता रडली. ऊन चढलं, तसा जयराज पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याजवळ आला. "पी. ऊन लय हाय," म्हणाला. मग फाटकाकडं वळून त्यानं जमीरलाही हाक मारली.

मंडळी, लेकराला आईच्या मातीपासून धर्म तोडत नाही. तोडतो तो आपला ताठा आणि लोकांचं भय. 'धर्मात बसत नाही' असं कुणाला बजावण्याआधी, धर्म काय सांगतो ते एकदा जाणत्याला विचारून घ्यावं.