ऊन कुठे पडतंय?

"भिंतींना हात पुसायचेच असतील तर निदान आधी धुऊन तरी घ्यावेत माणसाने," वहिनी ओल्या फडक्याने पॅसेजची भिंत घासत पुटपुटली. दादा तिच्या मागूनच गेला, भिंतीला बोटं लावत. त्याने ते कानाआड केलं. तिनेही वर पाहिलं नाही.

दादा आर्किटेक्ट. मी त्याची धाकटी बहीण. त्याच्या इमारतींची पुठ्ठ्याची मॉडेलं करते. शिकले कुठेच नाही, बोटं कापून घेत घेत आलं. त्याची नजर जात चाललीय हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे आणि तिघांपैकी कुणीही ते उच्चारत नाही. उच्चारलं तर काम कोण देणार? आणि काम गेलं तर दादा म्हणजे नुसता जेवायला उठणारा माणूस.

गंमत अशी की त्याच्या इमारती गाजायला लागल्या त्या आत्ताच. भिंती कुठे खरखरीत, कुठे गुळगुळीत. दारापाशी आलं की पायाखालची फरशी बदलते. जिन्यात आवाज घुमतो, खोलीत मुरतो. लोक म्हणतात, नवी शैली! एकाने तर मासिकात दोन पानं लिहिली, स्पर्शाच्या तत्त्वज्ञानावर. वहिनीने ती दादाला मोठ्याने वाचून दाखवली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "बरंच कळतं की याला."

मला कुतूहल वेगळंच. रोज सकाळी मॉडेल खिडकीत ठेवायला लावून तो विचारतो, "सांग बघू, ऊन कुठे पडतंय?" जणू माझीच परीक्षा. मी सांगते. तो म्हणतो, "मग ही खिडकी जरा वर घे." घेतली की खोली खरोखर हसायला लागते. हे त्याला कळतं कसं?

"इमारत आधी उभी कुठे राहते रे? कागदावर की डोक्यात?" मी एकदा विचारलं.

"पायांत," तो म्हणाला. "लहानपणी अंधारात पाणी प्यायला उठायचीस तेव्हा दिवा लावायचीस का? घर तुझ्या आतच असतं. मी फक्त ते बाहेर काढतो."

"माझ्या आत नुसता पसारा आहे."

"म्हणून तर प्रत्येक घराला माळा ठेवतो."

परवा एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. काम मोठं होतं, असं पुन्हा चालून येणारं नव्हे. मॉडेलवर बाई बेहद्द खूश. मुलं भिंतीवरून हात फिरवत वर्गात जातील, हे तर त्यांना फारच आवडलं. सगळं ठरल्यात जमा होतं. तेवढ्यात त्यांनी पर्समधून रंगांचे दोन नमुने काढून दादाच्या हातात दिले.

"धाकट्यांच्या वर्गाला यातला कोणता?"

दादाने दोन्ही कागद अंगठ्याखाली चोळले. वहिनी चहाचा ट्रे घेऊन त्याच्या पाठीशी थबकली.

"डावीकडचा पिवळा किती छान आहे हो!" ती घाईघाईने म्हणाली.

"हो. पिवळाच," दादा म्हणाला.

"का पण?" बाईंच्या सुरात शंका नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमचं मन कसं चालतं, ते ऐकायचंय मला."

दादा कुठल्याही भिंतीवर तासभर बोलू शकतो. त्याने तोंड उघडलं. मी मनातल्या मनात त्याला वाक्यं पुरवायला लागले: पिवळा म्हणजे ऊन, पिवळा म्हणजे जाग, बोल ना रे, काहीही बोल. त्याने दोन्ही कागद मॉडेलच्या छपरावर शेजारी शेजारी ठेवले, अगदी नीट.

"पिवळा हिला आवडलाय," तो म्हणाला. "मला दिसत नाही, बाई."